संख्यात्मक समाकलन

संख्यात्मक समाकलन : एखाद्या फलनाच्या मोजक्या ठिकाणच्या मूल्यांवरून त्याच्या समाकलाचे आसन्न मूल्य काढण्याची गणिती प्रक्रिया. वक्राखालचे क्षेत्रफळ, जलाशयातील पाण्याचे घनफळ, धरणाच्या भिंतीवर येणारा एकूण दाब, तुळईत साठणारी ऊर्जा या सर्व राशी समाकलाच्या रूपात मांडता येतात. ज्याचे अवकलन केले असता दिलेले फलन मिळते असे दुसरे फलन सापडले, तर समाकल अचूक काढता येतो [→ अवकलन व समाकलन]. अभियांत्रिकीत मात्र असे क्वचितच घडते. पुष्कळदा फलनाचे सूत्रच नसते; ठराविक अंतरांवर घेतलेल्या मोजमापांचे कोष्टक तेवढे हाती असते. सूत्र असले, तरी ते इतके गुंतागुंतीचे असते की, त्याचे समाकलन नेहमीच्या रीतींनी होत नाही.

अशा वेळी निवडक बिंदूंपाशी फलनाची मूल्ये घ्यावयाची, प्रत्येक मूल्यास योग्य तो भार द्यावयाचा आणि त्यांची बेरीज करावयाची, हे या प्रक्रियेचे सर्वसाधारण स्वरूप होय. कोणते बिंदू घ्यावेत, त्यांस किती भार द्यावा व किती बिंदू पुरेसे आहेत, हे तीन प्रश्न त्यात उद्भवतात. या प्रश्नांना वेळोवेळी दिली गेलेली उत्तरे म्हणजेच या विषयाचा इतिहास होय. एक मूल्य मिळविण्यास पूर्वी हाताने दीर्घ आकडेमोड करावी लागे किंवा प्रत्यक्ष मोजणी करावी लागे. त्यामुळे कमीत कमी मूल्यांतून जास्तीत जास्त अचूक उत्तर मिळविण्याची निकड या इतिहासात प्रथमपासून दिसते.

प्राचीन काळ : वक्राखालच्या क्षेत्राचे सरळ बाजूंच्या आकृत्यांत तुकडे पाडण्याची कल्पना फार जुनी आहे. सु. इ. स. पू. ३५० ते ५० या काळातील बॅबिलोनियन मृत्तिका-पट्टिकांवर गुरू ग्रहाने ६० दिवसांत कापलेले अंतर समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळाप्रमाणे काढलेले आढळते. या पट्टिकांचा असा अर्थ २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रीक गणितज्ञ आर्किमिडीज यांनी अन्वस्ताच्या खंडाचे क्षेत्रफळ त्रिकोणांच्या बेरजेने अचूक काढले होते.

भास्कराचार्यांची रीत : भारतीय गणितात या प्रक्रियेचे एक सुस्पष्ट उदाहरण भास्कराचार्य (दुसरे, जन्म १११४) यांच्या सिद्धांतशिरोमणि (११५०) या ग्रंथाच्या गोलाध्यायात व त्यावरील त्यांच्याच वासनाभाष्यात आढळते. भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या सान्निध्यातील विज्जलविड असे दिले आहे. या गावाच्या स्थानाविषयी मतभेद आहेत. तथापि त्यांच्या घराण्याचा महत्त्वाचा पुरावा जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे मिळाला आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील कन्नडकडून घाट उतरले की, हा परिसर लागतो. तेथील १२०७ च्या सुमाराचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी होते आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांनी येथे मठ स्थापन केला, असे या लेखावरून कळते. यादवांची राजधानी देवगिरी म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळचे आजचे दौलताबाद होय.

गोलाच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ किती, हा भास्कराचार्यांपुढील प्रश्न होता. पूर्वीचे ज्योतिषी लल्ल यांनी परिघाला वर्तुळाच्या क्षेत्रफळाने गुणावे, असा नियम दिला होता. तो चुकीचा असून परिघ व व्यास यांचा गुणाकार हे खरे क्षेत्रफळ होय, असे भास्कराचार्यांनी प्रतिपादिले आणि ते पटविण्यासाठी प्रत्यक्ष बेरीज करून दाखविली. मातीचा किंवा लाकडाचा गोल घ्यावा, त्याचा परिघ ९६ हात मानावा आणि आवळ्याच्या फाकांप्रमाणे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत त्याचे ९६ भाग पाडावेत. प्रत्येक फाक मध्यभागी एक हात रुंद असते व टोकांकडे निमुळती होत जाते. एका टोकापासून मध्यापर्यंत २४ हात अंतर असून एकेका हातावर तिची रुंदी ज्यांच्या कोष्टकातून मिळते. लागोपाठच्या दोन रुंदींमधील तुकडा समलंब चौकोन मानून सर्व तुकड्यांची बेरीज केली की, अर्ध्या फाकेचे क्षेत्रफळ येते.

यासाठी त्यांनी दिलेला नियम असा : सर्व ज्यांच्या बेरजेतून त्रिज्येचा अर्धा भाग वजा करावा व बाकीस त्रिज्येच्या अर्ध्याने भागावे. त्रिज्या ३,४३८ धरली असता २४ ज्यांची बेरीज ५४,२३३ येते. तीतून १,७१९ वजा केले की ५२,५१४ उरतात व त्यांस १,७१९ ने भागले असता सु. ३०·५५ हे फळ मिळते. ज्याचा परिघ ९६ आहे, त्या गोलाचा व्यासही सु. ३०·५६ इतकाच असतो. म्हणजे एका फाकेचे क्षेत्रफळ व्यासाइतके आणि ९६ फाकांचे क्षेत्रफळ परिघ गुणिले व्यास इतके झाले. शेवटच्या ज्येचा, म्हणजेच त्रिज्येचा, अर्धाच भाग बेरजेत घ्यावयाचा, ही यातील महत्त्वाची बाब होय. टोकांच्या मूल्यांस अर्धा भार व मधल्या मूल्यांस पूर्ण भार हा आजच्या पाठ्यपुस्तकांतील समलंब नियम तोच आहे. काटेकोर ज्या वापरल्या, तर या नियमाने येणारी चूक सु. ०·०३६ टक्के एवढीच भरते.

समान अंतरांचे नियम : यूरोपात या विषयास चालना मिळाली ती व्यवहारातील एका प्रश्नामुळे. मद्याच्या पिंपात गज तिरपा घालून त्यातील मद्याचे माप ठरविण्याची व्यापाऱ्यांची रीत पाहून जर्मन ज्योतिर्विद योहानेस केप्लर (१५७१–१६३०) यांनी पिंपांच्या घनफळाचा अभ्यास केला. त्यांचा यावरील ग्रंथ १६१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही टोकांच्या छेदांची क्षेत्रफळे व मधल्या छेदाच्या क्षेत्रफळाची चौपट यांच्या बेरजेस उंचीच्या एक षष्ठांशाने गुणावे, हा नियम केप्लर यांच्या नावाने ओळखला जातो. इंग्रज गणितज्ञ टॉमस सिंप्सन (१७१०–६१) यांनी १७४३ मध्ये तो अनेक पट्ट्यांसाठी मांडला. म्हणून त्यास सिंप्सन नियम असेही म्हणतात. यात लागोपाठच्या तीन बिंदूंतून सरळ रेषांऐवजी अन्वस्त काढलेले असते.

भारांच्या निवडीने केवढा फरक पडतो, हे भास्कराचार्यांच्याच उदाहरणावरून ध्यानात येते. काटेकोर काढलेल्या त्याच २४ ज्यांना सिंप्सन नियमाचे भार दिले, तर चूक सु. एक कोटीत एक इतकी खाली येते. श्रम तेवढेच राहतात. बदलतात ते केवळ गुणक.

सर आयझॅक न्यूटन (१६४२–१७२७) यांनी याहून अधिक बिंदूंतून जाणाऱ्या बहुपदींचा विचार केला व रॉजर कोट्स (१६८२–१७१६) यांनी अकरा कोटींपर्यंतच्या नियमांचे भार काढले. कोट्स यांचे हे काम त्यांच्या मृत्यूनंतर १७२२ मध्ये प्रसिद्ध झाले. बिंदू वाढवीत गेले की अचूकता वाढतच जाईल, ही अपेक्षा मात्र फोल ठरली. नऊ कोटींच्या नियमात काही भार ऋण येतात व त्यामुळे मोजमापांतील बारीक चुका वाढीस लागतात. बिंदूंची संख्या वाढविली, तरी काही साध्या फलनांच्या बाबतीतही न्यूटन–कोट्स नियमांची उत्तरे खऱ्या मूल्याकडे जात नाहीत. म्हणून एकच मोठा नियम लावण्यापेक्षा अंतरालाचे लहान लहान भाग पाडून प्रत्येकास साधा नियम लावण्याची प्रथा रूढ झाली.

कागदावर काढलेल्या आकृतीचे क्षेत्रफळ यांत्रिक रीतीने मोजण्याचा मार्गही एकोणिसाव्या शतकात उपलब्ध झाला. स्विस गणितज्ञ याकोप आम्सलर यांनी १८५४ मध्ये तयार केलेल्या ध्रुवीय क्षेत्रमापीची टोचणी आकृतीच्या कडेवरून फिरविली की, चाकाच्या फेऱ्यांवरून क्षेत्रफळ वाचता येते. नकाशावरील समोच्चरेषांनी वेढलेली क्षेत्रे काढण्यासाठी अभियंत्यांनी हे उपकरण दीर्घकाळ वापरले.

गौस नियम : वरील सर्व नियमांत बिंदू समान अंतरांवर घेतलेले असतात व केवळ भारांची निवड करावयाची असते. जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीड्रिख गौस (१७७७–१८५५) यांनी १८१४ मध्ये बिंदूंच्या जागाही मोकळ्या ठेवल्या. असे केल्यास दोनच बिंदूंचा नियम तृतीय घातापर्यंतच्या सर्व बहुपदींसाठी अचूक करता येतो; सिंप्सन नियमास त्यासाठी तीन बिंदू लागतात. सर्वसाधारणपणे बिंदूंच्या संख्येच्या दुपटीहून एकाने कमी इतक्या घातापर्यंत गौस नियम अचूक असतो. हे बिंदू लझांद्र बहुपदींची मुळे असतात. याचे सुटसुटीत स्पष्टीकरण कार्ल याकोबी यांनी १८२६ मध्ये दिले.

पूर्वीच्या उदाहरणातील अर्ध्या फाकेस गौस यांचा तीन बिंदूंचा नियम लावला, तर चूक सु. ०·०००८ टक्के येते. म्हणजे समलंब नियमातील २४ ज्यांचे काम तीन ज्या चाळीसपटींहून अधिक अचूकतेने करतात. मात्र या तीन ज्या सु. १०·१४, ४५ व ७९·८६ अंशांच्या असतात. भास्कराचार्यांच्या कोष्टकात पावणेचार अंशांच्या पटीतील ज्या आहेत. त्यामुळे तीनपैकी फक्त मधली ज्या त्यात सापडते. गौस नियम शंभर वर्षांहून अधिक काळ व्यवहारात फारसा रुजला नाही, त्याचे कारण यात आहे. जेथे मूल्ये कोष्टकातून किंवा मोजणीतून येतात, तेथे समान अंतरांचे नियम सोयीचे पडतात. जेथे कोणत्याही बिंदूपाशी मूल्य काढता येते, तेथे गौस नियम काटकसरीचा ठरतो. पुढील दोन उपयोगांत ही विभागणी स्पष्ट दिसते.

जलाशयाची धारिता : छत्रपती संभाजीनगरपासून सु. ५० किमी. दक्षिणेस पैठण येथे गोदावरीवर जायकवाडी धरण आहे. त्याची पायाभरणी १९६५ मध्ये झाली व १९७६ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. नाथसागर या त्याच्या जलाशयाची मूळ एकूण धारिता २,९०९ दशलक्ष घ. मी. असून तीपैकी २,१७१ दशलक्ष घ. मी. उपयुक्त साठा आहे. जलाशयातील पाणी थेट मोजता येत नाही. मोजली जाते ती पाण्याची पातळी. तिच्यावरून साठा सांगणारा तक्ता आधी तयार केलेला असतो. हा तक्ता म्हणजे निरनिराळ्या पातळ्यांवरील जलपृष्ठाच्या क्षेत्रफळांचे संख्यात्मक समाकलन होय.

या कामी नियमाची निवड किती महत्त्वाची आहे, हे एका काल्पनिक उदाहरणाने दाखविता येईल. एका दरीत तळापासून ०, ५ व १० मी. उंचीवर जलपृष्ठाची क्षेत्रफळे अनुक्रमे ०, २५ व १०० हेक्टर आहेत व क्षेत्रफळ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे समजू. समलंब नियमाने दोन थरांची बेरीज ३७५ हेक्टर-मीटर येते. खरा साठा मात्र ३३३·३ हेक्टर-मीटर आहे व केप्लर यांचा नियम तेवढेच उत्तर देतो. लागोपाठच्या दोन क्षेत्रफळांची बेरीज व त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ ही एकत्र करून त्यांस थराच्या जाडीच्या एक तृतीयांशाने गुणण्याचा शंकुखंड नियम लावला, तरी हेच उत्तर येते. म्हणून जलाशयांच्या कामी तो विशेष वापरला जातो. दरी वर चढत जाताना वाढत्या वेगाने रुंदावत असेल, तर समलंब नियमाची चूक नेहमी एकाच बाजूस होते : तो प्रत्यक्षाहून अधिक पाणी दाखवितो. असे जादा पाणी केवळ कागदावर असते. त्याच्या भरवशावर आखलेल्या आवर्तनात ते कालव्याच्या शेपटाकडील शेतास मिळत नाही.

नाथसागर उथळ व विस्तीर्ण असल्याने येथे पातळीतील लहान फरकही मोठा ठरतो. पूर्ण भरल्यावर त्याचे जलपृष्ठ सु. ३५० चौ. किमी. असते. त्या पातळीजवळ एक सेंमी. पाणी म्हणजे सु. ३५ लाख घ. मी. आणि एक फूट पाणी म्हणजे उपयुक्त साठ्याच्या सु. ५ टक्के होतात. या टक्केवारीस प्रशासकीय महत्त्वही प्राप्त झाले आहे. गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातील धरणे व जायकवाडी यांच्यातील पाणीवाटपाविषयी महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला. १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे तत्त्व त्यात ठरविण्यात आले व २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केले. नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांतील आणि मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या वाट्याचे पाणी याप्रमाणे तक्त्यातील एका आकड्याशी बांधले गेले.

तक्ता एकदा करून भागत नाही, कारण गाळ साचून जलाशयाचा आकार बदलत राहतो. जुन्या तक्त्यावरून वाचलेला साठा मग प्रत्यक्षाहून अधिक भरतो. त्यासाठी ठराविक काळाने फेरसर्वेक्षण करावे लागते. नौकेतून खोली मोजून किंवा निरनिराळ्या पातळ्यांच्या वेळी घेतलेल्या उपग्रह प्रतिमांवरून जलपृष्ठाची क्षेत्रफळे ठरवून नवा तक्ता करतात. नाशिक येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (स्थापना १९५९) अशी सर्वेक्षणे करते. क्षेत्रफळे आता उपग्रहावरून मिळत असली, तरी ती ठराविक पातळ्यांचीच मिळतात. त्यामुळे बेरजेचे नियम जुनेच राहिले आहेत.

सांत घटक पद्धती : धरणात किती पाणी मावते याबरोबरच त्याची भिंत पाण्याचा व भूकंपाचा भार सोसू शकेल काय, हा दुसरा प्रश्न असतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या भिंतीस, तिच्या खालच्या बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो त्या पातळीच्या आसपास, भेगा पडल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठातील (बर्कली) अनिल चोप्रा व पी. चक्रवर्ती यांनी या धरणाचे सांत घटक पद्धतीने केलेले विश्लेषण १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठी ताण-प्रतिबले त्याच पातळीजवळ उद्‌भवतात, असे त्यात दिसून आले. तेव्हापासून नव्या विश्लेषण पद्धती पारखण्यासाठी कोयनेचे उदाहरण जगभर घेतले जाते.

या पद्धतीत रचनेचे असंख्य लहान घटकांत विभाजन करतात व प्रत्येक घटकाची दृढता समाकलनाने काढतात. वक्र कडांच्या घटकांत हा समाकल सूत्राने सुटत नाही. परंतु कोणत्याही बिंदूपाशी समाकल्याचे मूल्य संगणकाने काढता येते. त्यामुळे १९६० नंतरच्या दशकात गौस नियम येथे सर्रास वापरात आला. वीस बिंदूंनी निश्चित होणाऱ्या विटेच्या आकाराच्या घटकास प्रत्येक दिशेने तीन याप्रमाणे २७ गौस बिंदू लागतात आणि प्रत्येक बिंदूपाशी साठ ओळी व साठ स्तंभ असलेल्या सारणीत भर घालावी लागते. हजारो घटकांच्या धरणास हा खर्च मोठा होतो. ब्रिटिश अभियंता ब्रूस आयर्न्स यांनी १९७१ मध्ये तेवढ्याच घातापर्यंत अचूक असा १४ बिंदूंचा नियम दिला. त्यामुळे या टप्प्यावरील काम जवळजवळ निम्म्याने घटले.

त्याच वर्षी झिएन्कीव्हिच, टेलर व टू यांनी पातळ पट्ट व कवचे यांच्या विश्लेषणात बिंदू मुद्दाम कमी घेतल्यास उत्तर अधिक चांगले येते, असे दाखविले. पूर्ण बिंदू घेतले असता असे घटक प्रत्यक्षाहून ताठर वागतात. बिंदू कमी केल्याने हा खोटा ताठरपणा जातो. तथापि या सवलतीस मर्यादा आहे. चार कोनबिंदूंच्या घटकात मध्यभागी एकच बिंदू घेतला, तर काही आकारबदलांत त्या बिंदूपाशी विकृती शून्य येते व घटक कोणताही विरोध न करता डमरूसारखा वाकतो. गणितास तो बदल दिसतच नाही. असे खोटे आकारबदल आवरण्याची रीत फ्लॅनागन व बेलिच्को यांनी १९८१ मध्ये दिली.

संगणकयुग व परिशुद्धता : व्हेर्नर रोम्बेर्ख यांनी १९५५ मध्ये समलंब नियमाचीच उत्तरे अंतर निम्मे करीत काढून त्यांच्या संयोगाने अचूकता वेगाने वाढविण्याची रीत दिली. रशियन गणितज्ञ क्रोनरॉड यांनी १९६४ च्या सुमारास गौस बिंदूंत नवे बिंदू मिळवून, आधी काढलेली मूल्ये वाया न घालविता, चुकीचा अंदाज घेण्याची सोय केली. या दोन्ही रीतींमुळे उत्तराबरोबरच त्याच्या विश्वासार्हतेचा अंदाज मिळू लागला. अंदाजे चूक जेथे मोठी दिसेल तेथेच अंतराल पुन्हा विभागावयाचा, हे तत्त्व १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वाडपॅक या आज्ञावली-संग्रहात वापरले आहे. चलांची संख्या फार मोठी असल्यास बिंदूंचे जाळे आवाक्याबाहेर जाते; तेव्हा यदृच्छ बिंदू घेण्याची माँटे कार्लो पद्धत उपयोगी पडते. तिच्यात चूक निम्मी करण्यासाठी बिंदू चौपट घ्यावे लागतात, परंतु हे प्रमाण चलांच्या संख्येवर अवलंबून नसते.

कोणताही नियम निवडलेल्या बिंदूंपलीकडचे पाहू शकत नाही. दोन समोच्चरेषांमधील खड्डा किंवा दोन गौस बिंदूंमधील प्रतिबलाचे शिखर बेरजेत येत नाही आणि संगणकाने दिलेल्या दशांश स्थळांवरूनही ते कळत नाही. म्हणून थर किंवा घटक निम्मे करून गणन पुन्हा करणे, एकाच माहितीस दोन निरनिराळे नियम लावून पाहणे व त्यांतील फरक उत्तरासोबत नमूद करणे, या कसोट्या अभियांत्रिकी विश्लेषणात आवश्यक मानल्या जातात.